तीन आकडे, चार दशके
महिलांच्या वेगवान शर्यतींतील दीर्घायुषी विक्रमांची कथा

विक्रम हे मोडण्यासाठीच असतात, असे क्रीडाजगतात नेहमी म्हटले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कार्ल लुईसने १०० मीटर अंतर ९.९२ सेकंदांत पार केले आणि ही वेळ पुढे जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली. मानवी वेगाची परिसीमा वाटावी असा तो आकडा होता. नंतरच्या दोन दशकांत तो पुन्हा पुन्हा खाली आला आणि २००९ मध्ये बर्लिन येथे उसेन बोल्टने तो ९.५८ सेकंदांवर आणून ठेवला.

महिलांच्या शर्यतींचे चित्र मात्र अगदी निराळे आहे. १०० मीटरसाठी १०.४९ सेकंद, २०० मीटरसाठी २१.३४ सेकंद आणि ४०० मीटरसाठी ४७.६० सेकंद हे तीन आकडे १९८५ आणि १९८८ या दोन वर्षांत विक्रमांच्या यादीत लिहिले गेले आणि २०२५ अखेरपर्यंत ते जसेच्या तसे राहिले आहेत. या काळात धावपट्ट्या सुधारल्या, बुटांच्या तळव्यांत कार्बनची पट्टी आणि नवा हलका फेस आला, आहारशास्त्र आणि प्रशिक्षणशास्त्र कितीतरी पुढे गेले. ज्या मुलींचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, त्या मोठ्या होऊन ऑलिंपिक पदके जिंकून निवृत्तही झाल्या. आकडे मात्र हलले नाहीत.

बँकेच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला नको. खातेवहीतील प्रत्येक नोंदीला दोन आधार लागतात, अचूक मोजमाप आणि पडताळणीची सोय. या दोहोंपैकी एक जरी लंगडा पडला, तरी नोंद पुसता येत नाही आणि तिच्यावर पूर्ण भरवसाही ठेवता येत नाही. या तीन आकड्यांची कथा नेमकी हीच आहे.

रोखपालाच्या खुर्चीतून धावपट्टीवर

पहिल्या दोन विक्रमांची मानकरी असलेल्या फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर हिचा बँकेशी प्रत्यक्ष संबंध होता, हे अनेकांना ठाऊक नसेल. २१ डिसेंबर १९५९ रोजी लॉस एंजेलिस येथे अकरा भावंडांच्या कुटुंबात तिचा जन्म झाला. घरची आर्थिक ओढाताण इतकी होती, की कुटुंबाला हातभार लावण्यासाठी तिला महाविद्यालयीन शिक्षण मध्येच सोडून एका बँकेत रोखपालाची नोकरी पत्करावी लागली. बॉब कर्सी या प्रशिक्षकांनी तिच्यासाठी आर्थिक साहाय्याची व्यवस्था केली, तेव्हा कुठे ती पुन्हा शिक्षणाकडे आणि धावपट्टीकडे वळली.

१९८४ मध्ये आपल्याच शहरात झालेल्या ऑलिंपिकमध्ये तिने २०० मीटरचे रौप्यपदक मिळवले. पण त्यानंतर तिचा सराव मंदावला. १९८५ मध्ये ती पुन्हा बँकेच्या नोकरीवर रुजू झाली आणि फावल्या वेळात केशरचना व नखांची सजावट करून चार पैसे मिळवू लागली. १९८७ मध्ये तिहेरी उडीतील ऑलिंपिक विजेता अल जॉयनर याच्याशी तिचा विवाह झाला. त्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत तिने २०० मीटरमध्ये पुन्हा रौप्यपदक पटकावले. १९८७ अखेर तिची १०० मीटरमधील सर्वोत्तम वेळ १०.९६ सेकंद आणि २०० मीटरमधील २१.९६ सेकंद होती. उत्तम, पण जगाला चकित करणारी नव्हे.

पुढच्याच वर्षी तिने सारे जग चकित केले. १६ जुलै १९८८ रोजी इंडियानापोलिस येथे अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत, उपांत्यपूर्व फेरीत, घड्याळाने १०.४९ सेकंद दाखवले. त्याआधीचा विक्रम इव्हलिन ॲशफर्डचा, १०.७६ सेकंदांचा होता. १९७७ मध्ये मार्लीस गोर हिने स्वयंचलित घड्याळावर १०.८८ सेकंदांची नोंद केली, तेथून १०.७६ पर्यंत यायला जगाला सात वर्षे लागली होती आणि त्या सात वर्षांची कमाई होती अवघे १२ शतांश सेकंद. ग्रिफिथ-जॉयनरने एका शर्यतीत २७ शतांश कापले.

दोन महिन्यांनी सोल ऑलिंपिकमध्ये तिने १००, २०० आणि चार बाय शंभर मीटर रिले अशी तीन सुवर्णपदके आणि चार बाय चारशे मीटर रिलेचे रौप्यपदक जिंकले. २९ सप्टेंबर रोजी २०० मीटरच्या उपांत्य शर्यतीत २१.५६ आणि त्याच दिवशी अंतिम शर्यतीत २१.३४ अशा दोन जागतिक विक्रमांची नोंद तिच्या नावावर झाली. त्याआधीचा २१.७१ हा आकडा मारिटा कोख आणि हाइके ड्रेक्सलर या पूर्व जर्मनीच्या दोघींनी मिळून चार वेळा गाठला होता. त्याच्या खाली मात्र कोणी गेले नव्हते.

वारा नसलेल्या शर्यतीचे गूढ

वेगवान शर्यतींत पाठीवरचा वारा धावपटूला ढकलत असतो. म्हणून १०० आणि २०० मीटर शर्यतींत वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असल्यास ती वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही. त्यासाठी धावपट्टीच्या कडेला, अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, वायुमापक ठेवलेला असतो.

इंडियानापोलिसच्या त्या शर्यतीत या यंत्राने ०.० हा आकडा दाखवला. वारा अजिबात नाही, असा त्याचा अर्थ. वस्तुतः त्याच सुमारास मैदानात शेजारी चाललेल्या तिहेरी उडीच्या स्पर्धेत सेकंदाला ४.३ मीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद होत होती. उपांत्यपूर्व फेरीच्या दुसऱ्या शर्यतीतही यंत्राने ०.० दाखवले आणि तिसऱ्या शर्यतीत ते एकदम ५.० वर गेले. अभ्यासक निक लिंथॉर्न यांनी १९९५ मध्ये या साऱ्या नोंदींचा तपशीलवार अभ्यास केला, तेव्हा त्या वेळी प्रत्यक्षात सेकंदाला ५ ते ७ मीटर वेगाचा वारा पाठीवर असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ॲथलेटिक्सच्या आकडेतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ पासून आपल्या वार्षिक ग्रंथात या विक्रमापुढे, बहुधा जोरदार वाऱ्याचे साहाय्य लाभलेला परंतु मान्यताप्राप्त, अशा आशयाची टीप छापण्यास सुरुवात केली. अधिकृत नोंद मात्र बदलली नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वारा मोजणारे यंत्र चुकले असेल, तर तो दोष धावणाऱ्या मुलीचा नव्हे. शिवाय दुसऱ्याच दिवशी अंतिम शर्यतीत, सेकंदाला १.२ मीटर एवढ्या नियमात बसणाऱ्या वाऱ्यात, ती १०.६१ सेकंदांत धावली. म्हणजे १०.४९ ची नोंद झालीच नसती, तरी विक्रम तिचाच राहिला असता. फक्त तो १०.६१ चा असता.

हा १२ शतांशांचा फरक किरकोळ वाटेल, पण त्याची किंमत तेहतीस वर्षांनी दुसऱ्याच एका धावपटूला मोजावी लागली. जमैकाच्या एलेन थॉम्प्सन-हेरा हिने ३१ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत, समोरून वारा येत असताना, नेमकी १०.६१ सेकंदांचीच वेळ दिली आणि २१ ऑगस्ट रोजी अमेरिकेतील युजीन येथे ती १०.५४ सेकंदांत धावली. वायुमापक त्या दिवशी ०.९ दाखवत होता, म्हणजे सारे नियमात होते. इंडियानापोलिसच्या यंत्राने १९८८ मध्ये खरा वारा मोजला असता, तर त्या दिवशी थॉम्प्सन-हेरा जागतिक विक्रमवीर ठरली असती. प्रत्यक्षात ती इतिहासातील दुसरी सर्वांत वेगवान महिला ठरली. चुकीच्या नोंदीचा भुर्दंड कोणाला पडतो, हे यावरून कळावे.

कॅनबेराचा दिवस

तिसरा आकडा या दोहोंपेक्षाही जुना आहे. ६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे विश्वचषक स्पर्धेत पूर्व जर्मनीची मारिटा कोख ४०० मीटर अंतर ४७.६० सेकंदांत धावली. बाल्टिक किनाऱ्यावरील विस्मार गावात १९५७ मध्ये जन्मलेल्या या धावपटूने १९७८ मध्ये ४९.१९ सेकंदांचा विक्रम केला होता. मग सात वर्षे ती स्वतःचाच आकडा खाली आणत राहिली. मध्यंतरी १९८३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोख्विलोवा हिने ४७.९९ सेकंदांत धावून ४८ सेकंदांची भिंत ओलांडली. कॅनबेराला कोखने तो विक्रम परत मिळवला.

त्याच मैदानावर, त्याच दिवशी, पूर्व जर्मनीच्या महिलांनी चार बाय शंभर मीटर रिलेत ४१.३७ सेकंदांचा विक्रम नोंदवला. एकाच दिवसाच्या या दोन नोंदींचे पुढचे नशीब वेगवेगळे निघाले. त्याविषयी पुढे येईलच.

बंद दाराआडची योजना

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पाठोपाठ पूर्व जर्मनीचे सरकारी दप्तर उघडे पडू लागले. क्रीडापटूंना उत्तेजक द्रव्ये देण्याची एक पद्धतशीर सरकारी योजना १९७४ पासून चालू होती आणि सरकारी कागदपत्रांत तिला १४.२५ असा क्रमांक दिलेला होता, हे त्यातून सिद्ध झाले. माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेन्डोंक आणि त्यांचे पती, शास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके यांनी १९९१ मध्ये ही माहिती जगापुढे मांडली. येनाफार्म या औषध कारखान्यात तयार होणाऱ्या गोळ्या हजारो खेळाडूंना दिल्या गेल्या होत्या. त्यांत अल्पवयीन मुलीही होत्या आणि आपण नक्की काय घेत आहोत, हे त्यांच्यापैकी अनेकींना सांगितलेही गेले नव्हते. आवाज घोगरा होणे, यकृताचे विकार, अपत्यप्राप्तीतील अडचणी असे परिणाम त्यांना पुढे भोगावे लागले. जुलै २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय अधिकारी मानफ्रेड ह्योप्नर यांना खेळाडूंच्या शरीरास इजा पोहोचवल्याबद्दल दोषी ठरवले आणि निलंबित कारावासाची शिक्षा सुनावली.

कोख मात्र कोणत्याही चाचणीत दोषी आढळली नव्हती आणि आपण काही गैर केल्याचे तिने कधीही मान्य केलेले नाही. ग्रिफिथ-जॉयनरबाबत तर अशा सरकारी योजनेचाही प्रश्न नव्हता. तिच्या अचानक वाढलेल्या वेगाविषयी पुष्कळ कुजबूज झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये, म्हणजे पूर्वसूचनेविना चाचण्या सक्तीच्या होत असतानाच, तिने निवृत्ती घेतली, याकडेही टीकाकारांनी बोट दाखवले. तिने सारे आरोप ठामपणे फेटाळले आणि तिची एकही चाचणी सदोष आढळली नाही. २१ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, झोपेत आलेल्या अपस्माराच्या झटक्याने तिचा मृत्यू झाला. आता ती स्वतःच्या बचावासाठी काही बोलू शकत नाही.

चाचणीत न सापडणे म्हणजे निर्दोषत्वाचा अखेरचा दाखला, असेही म्हणता येत नाही. सिडनी ऑलिंपिकमध्ये पाच पदके जिंकणाऱ्या मेरियन जोन्सने २००७ मध्ये स्वतःच उत्तेजकांची कबुली दिली आणि सर्व पदके गमावली. पण एकीने कबुली दिली म्हणून दुसरीला दोषी धरणे हाही न्याय नव्हे. संशय आहे, पण पुरावा नाही. विश्वास ठेवावासा वाटतो, पण पडताळणीची सोय नाही. अशा कोंडीत या नोंदी अडकून पडल्या आहेत.

नोंद पुसावी की ठेवावी?

या प्रश्नावर एक व्यावहारिक तोडगा युरोपीय ॲथलेटिक्स संघटनेने २०१७ मध्ये सुचवला होता. विक्रमाआधी ठराविक संख्येने चाचण्या झालेल्या असाव्यात आणि खेळाडूचा नमुना पुनर्तपासणीसाठी दहा वर्षे जपून ठेवलेला असावा, तरच तो विक्रम मानावा, अशी ही सूचना होती. नमुने साठवण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ मध्ये सुरू केली. म्हणजे त्यापूर्वीच्या साऱ्या विक्रमांवर एका फटक्यात पाणी पडले असते.

सूचना येताच निषेधाचे सूर उमटले. २००३ मध्ये मॅरेथॉनचा विक्रम करणारी पॉला रॅडक्लिफ, तिहेरी उडीचा विक्रमवीर जोनाथन एडवर्ड्स आणि लांब उडीचा माईक पॉवेल यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. काही लबाडांना गाठण्यासाठी प्रामाणिक खेळाडूंची आयुष्यभराची कमाई जप्त करायची काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. अखेर ती सूचना अमलात आली नाही आणि जुने आकडे यादीत कायम राहिले.

याउलट एक खेळाडू स्वतःहून पुढे आली. पूर्व जर्मनीची धावपटू इनेस गायपेल हिने १९८४ मध्ये एरफुर्ट येथे आपल्या क्लबसाठी चार बाय शंभर मीटर रिलेचा ४२.२० सेकंदांचा राष्ट्रीय क्लब विक्रम केला होता. त्या काळी दिल्या गेलेल्या द्रव्यांमुळे ही वेळ आपली मानता येणार नाही, म्हणून माझे नाव विक्रमाच्या यादीतून काढावे, अशी मागणी तिने २००५ मध्ये केली. तिच्या नावाच्या जागी तारांकन आले. एका अर्थी ते लहानसे तारांकन हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक शेरा म्हणावा लागेल.

जुने ते सारेच खोटे नव्हे

दीर्घकाळ टिकलेला प्रत्येक विक्रम संशयास्पद असतो, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. आपल्या घरचेच उदाहरण पाहू. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांत धावली आणि तिचे कांस्यपदक अवघ्या एक शतांश सेकंदाने हुकले. हा राष्ट्रीय विक्रम एकोणचाळीस वर्षे टिकला. २ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विथ्या रामराजने नेमकी तेवढीच, ५५.४२ सेकंदांची, वेळ नोंदवून उषाशी बरोबरी साधली आणि पुढे अंतिम शर्यतीत कांस्यपदकही मिळवले. असा जुना आकडा येणाऱ्या पिढ्यांपुढे एक लक्ष्य म्हणून उभा राहतो, अडसर म्हणून नव्हे. विक्रमाची खरी उपयुक्तता तीच.

जागतिक पातळीवरही जुने आकडे अजिंक्य नाहीत, हे हळूहळू दिसू लागले आहे. कॅनबेराच्या रिले विक्रमाचा उल्लेख वर आलाच आहे. १० ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये टियाना मॅडिसन, ॲलिसन फेलिक्स, बियांका नाईट आणि कार्मेलिटा जेटर या अमेरिकी चमूने ४०.८२ सेकंदांची वेळ दिली आणि सव्वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला ४१.३७ चा आकडा अर्ध्या सेकंदाहून अधिक फरकाने मागे टाकला. अंतिम रेषा ओलांडताना जेटरने हातातील बॅटन घड्याळाकडे रोखले होते, ते उगाच नव्हे. १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत बल्गेरियाच्या योर्दांका दोन्कोवाचा १९८८ चा १२.२१ सेकंदांचा विक्रम २०१६ मध्ये केंड्रा हॅरिसनने एका शतांशाने मोडला आणि २०२२ मध्ये नायजेरियाच्या टोबी अमुसनने तो १२.१२ पर्यंत खाली आणला.

उरलेल्या आकड्यांशी असलेले अंतरही घटत आहे. २०० मीटरमध्ये जमैकाच्या शेरिका जॅक्सनने २५ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्ट येथे २१.४१ सेकंद नोंदवले. विक्रमापासून ती ७ शतांश, म्हणजे धावपट्टीवर सुमारे ६५ सेंटिमीटर, दूर राहिली. चार बाय चारशे मीटर रिलेत सोव्हिएत संघाची १९८८ ची ३ मिनिटे १५.१७ सेकंदांची वेळ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या हातून केवळ एक दशांश सेकंदाने सुटली. आणि १८ सप्टेंबर २०२५ रोजी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची सिडनी मॅक्लॉलिन-लेव्हरोन ४०० मीटर ४७.७८ सेकंदांत धावली. तिच्यामागून आलेल्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या मारिलेडी पॉलिनोची वेळही ४७.९८ होती. कोखच्या आकड्यापासून सिडनी १८ शतांश, म्हणजे सुमारे दीड मीटर, मागे होती. कॅनबेरानंतर चाळीस वर्षांत कोणीही ४७.६० च्या इतके जवळ गेले नव्हते.

या नव्या नोंदींमागे आज एक वेगळी यंत्रणा उभी आहे. विक्रमाला मान्यता मिळण्यासाठी अंतिम रेषेचे छायाचित्र, घड्याळाची पूर्वतपासणी, वाऱ्याचा आकडा आणि शर्यतीनंतरची उत्तेजक चाचणी अशी सारी कागदपत्रे जोडावी लागतात. साठवलेले नमुने वर्षानुवर्षांनी पुन्हा तपासता येतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील महिलांच्या चार बाय शंभर मीटर रिलेचे रशियाचे सुवर्णपदक २०१६ मध्ये अशाच पुनर्तपासणीनंतर काढून घेण्यात आले आणि ते बेल्जियमच्या चौघींना मिळाले. आठ वर्षांचा विलंब झाला खरा, पण न्याय झाला. इंडियानापोलिस आणि कॅनबेराच्या नोंदींबाबत हा मार्ग आता खुला नाही, कारण तपासायला काही उरलेलेच नाही.

म्हणून या तीन आकड्यांचा निकाल समितीच्या ठरावाने लागण्यापेक्षा धावपट्टीवरच लागणे श्रेयस्कर. एखादी धावपटू वारा, घड्याळ आणि चाचणी या तिन्ही कसोट्यांवर उतरून जेव्हा १०.४८, २१.३३ किंवा ४७.५९ सेकंदांची वेळ देईल, तेव्हा जुन्या नोंदीवर तारांकन घालण्याची किंवा ती पुसण्याची गरजच उरणार नाही. ती यादीत एक पायरी खाली जाईल आणि तिच्या वर पडताळून पाहता येईल असा आकडा लिहिला जाईल. तोवर बुडापेस्टची २१.४१ आणि टोकियोची ४७.७८ सेकंदांची धाव यांच्याकडे हुकलेले विक्रम म्हणून न पाहता कसोटीला उतरलेली कमाई म्हणून पाहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.